आईच्या खोलीसाठी निळा रंग: नेमकी छटा कशी ठरवावी?

निंबोणी, पुणे
१८ ऑगस्ट

नमस्कार. आमच्या फ्लॅटमधील एक खोली आम्ही आईसाठी तयार करत आहोत. आई ७४ वर्षांची आहे आणि दसऱ्यानंतर गावचे घर आवरून ती कायमची आमच्याकडे राहायला येणार आहे. खोलीत काय काय हवे, असे विचारल्यावर तिने भिंती निळ्या असाव्यात एवढेच सांगितले, बाकी काही मागितले नाही. राजापूरजवळच्या तिच्या माहेरी दर दिवाळीला चुन्यात नीळ कालवून भिंती रंगवत असत. माजघरातला तो निळा तिच्या मनात इतका पक्का बसला आहे, की कसा निळा असे विचारले तर "तसाच" हेच तिचे उत्तर असते. त्या घराचा एकही रंगीत फोटो आमच्याकडे नाही.

खोली १२ फूट बाय १० फूट असून उंची साडेनऊ फूट आहे. खिडकी एकच, ती उत्तरेकडे उघडते आणि तीसेक फुटांवर शेजारच्या इमारतीची फिकट पिवळी भिंत आहे. जमिनीला क्रीम रंगाच्या व्हिट्रिफाइड फरशा आहेत. आईचा सागवानी पलंग आणि दोन दारांचे कपाट याच खोलीत येणार आहे. सध्या भिंतीवर एक पांढरी एलईडी ट्यूब आहे, तिच्यावर ६५०० के असे छापलेले आहे.

गेल्या महिन्यात घाई करून मी एक चूक केली. दुकानात शेड कार्ड पाहून एक प्रसन्न आकाशी रंग निवडला आणि पलंगामागची भिंत रंगवून घेतली. दुकानात जो रंग पहाटेच्या आभाळासारखा वाटला होता, तो भिंतीवर चढल्यावर दिवसा बर्फासारखा आणि रात्री ट्यूबखाली हिरवट दिसू लागला. आई डोळे तपासून घेण्यासाठी दोन दिवस आली होती (तिच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन जूनमध्ये झाले, डाव्याचे हिवाळ्यात करायचे आहे). ती त्या भिंतीसमोर थोडा वेळ बसली आणि म्हणाली, "हा निळा नव्हे गं, हा गार आहे." मला वाईट वाटले, पण तिचे म्हणणे खरे होते.

तिला हवा असलेला निळा नेमका कोणता, हे कसे शोधावे? ती छटा या खोलीत, या उजेडात तशीच दिसेल का? निळ्या खोलीत झोप चांगली लागते असेही सर्वत्र वाचायला मिळते, त्यात तथ्य आहे का? पुन्हा रंगवण्याचा खर्च एकदाच व्हावा अशी इच्छा आहे, म्हणून सविस्तर विचारत आहे.

गेरू, नाशिक
१८ ऑगस्ट

निंबोणीताई, मी २६ वर्षे रंगकामाची कंत्राटे घेतो, आणि निळ्या रंगापायी जितक्या वेळा भिंत पुन्हा रंगवावी लागली तितकी दुसऱ्या कुठल्याही रंगापायी लागलेली नाही. पिवळा थोडा चुकला तरी खपून जातो, निळा चुकला की खोलीत पाऊल टाकताच जाणवते.

कार्डावरचा तुकडा दोन बोटांएवढा असतो आणि त्याच्या चारी बाजूंना पांढरा कागद असतो. तोच रंग चारही भिंतींवर चढला की एका भिंतीवरून परतलेला उजेड दुसरीवर पडतो, प्रत्येक फेरीत त्यात तोच निळा मिसळत जातो, आणि कार्डावर सौम्य वाटलेली छटा खोलीत गडद आणि भडक होऊन बसते. म्हणून ज्या छटेवर मन बसले असेल तिच्याच पट्टीतली एक किंवा दोन पायऱ्या फिकी छटा घ्यावी, आणि तीसुद्धा कार्डावर थोडी मळकट, राखाडीकडे झुकलेली वाटेल अशी. दुकानात जो निळा पाहून "किती स्वच्छ आहे" असे तोंडून निघते, तो भिंतीवर बहुतेक वेळा जास्त होतो.

नमुना पाहण्यासाठी भिंतीवर चौकोन रंगवू नका. तुमच्या भिंतीवर आधीच तो गार आकाशी आहे, त्याच्या शेजारी कुठलाही दुसरा निळा ठेवला तरी डोळा फसणारच. दोन फूट बाय दोन फुटांचे प्लायचे तुकडे घ्या, त्यांना प्रायमरचा एक हात आणि रंगाचे दोन हात द्या, आणि भिंतीवर पांढरी चादर टांगून तिच्यासमोर ते फळे उभे करा. फळा जमिनीवर आडवा ठेवून वरून पाहिला तर उजेड वेगळ्या कोनातून पडतो आणि रंग उजळ दिसतो. भिंत उभी असते, तेव्हा नमुनाही उभाच पाहावा.

आणि माझ्या मते यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की झोपायच्या खोलीचा रंग दिवेलागणीनंतर ठरवावा. लोक दुपारी बारा वाजता दुकानात उभे राहून बेडरूमचा रंग निवडतात, आणि त्या खोलीत त्यांचा सगळा वावर असतो रात्री. तुमच्या आईंचा त्या खोलीतला बराच वेळ संध्याकाळी सातनंतरचा आणि पहाटेचा असणार. तेव्हा त्याच वेळेला, त्याच खोलीतल्या दिव्याखाली, निदान तीन दिवस फळे पाहावेत.

दोन गोष्टी कामाच्या बाबतीत. सध्याच्या ओलसर हवेत काम उरकण्याची घाई करू नका. उत्तरेची भिंत बाहेरची असेल तर दीड फुटाचा जाड प्लॅस्टिकचा चौकोन चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस ठेवा. मागच्या बाजूला पाण्याचे थेंब जमले तर ओल अजून आत आहे, आणि तशा भिंतीवर कितीही महाग रंग दिला तरी पोपडे निघतील. दुसरे असे, की निळ्या रंगाचे सर्व डबे एकाच वेळी काढून घ्यावेत आणि एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळूनच वापरावेत. मशीनवर तोच कोड टाकला तरी दोन वेळेला काढलेल्या डब्यांत किंचित फरक राहतो आणि निळ्यात तो कोपऱ्यावर लगेच दिसतो. तुमच्या मापाने दार आणि खिडकी वजा जाता भिंतींचे क्षेत्रफळ पावणेचारशे चौरस फुटांच्या आसपास येते. डब्यावर दोन हातांसाठी एका लिटरचा जो आकडा दिलेला असेल त्याने भागा आणि लिटरभर जास्त घ्या, पुढे डागडुजीला उपयोगी पडतो.

ओसरी, ठाणे
१९ ऑगस्ट

गेरूदादांचे म्हणणे मला पूर्ण पटते, त्यात दिव्याची बाजू जोडते. मी घरांच्या अंतर्गत रचनेचे काम करते, आणि माझा अनुभव असा की पुष्कळदा रंग बदलायचा म्हणून बोलावलेल्या घरात आधी दिवा बदलावा लागतो.

तुमच्या ट्यूबवरचा ६५०० के हा आकडा प्रकाशाच्या रंगाचे माप आहे. आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर आणि लहान तितका तो पिवळसर. २७०० ते ३००० के म्हणजे आपल्या जुन्या पिवळ्या बल्बच्या जवळचा प्रकाश, आणि ४००० के हा दोन्हींच्या मधला. निळसर प्रकाशाखाली निळी भिंत आणखी निळी आणि गार होते. पिवळसर प्रकाशात निळा कमी असल्यामुळे तीच भिंत मंद होऊन राखाडीकडे जाते, आणि तिच्यात मुळात हिरवी झाक असेल तर ती झाक वर येते. म्हणून आधी दिवे ठरवावेत आणि मग त्यांच्याखाली रंग पाहावा. आईंच्या खोलीसाठी मी छताजवळ ३००० केचे दिवे आणि उशाशी वाचनासाठी एक वेगळा दिवा सुचवेन. बल्बच्या खोक्यावर सीआरआय हा आकडाही पाहावा. तो ९० किंवा त्याहून अधिक असेल तर रंग खऱ्याच्या जवळ दिसतात.

झोपेबद्दल तुम्ही विचारले आहे. निळ्या भिंतीमुळे झोप लागते असे ठामपणे सांगण्याचे धाडस मी करणार नाही, पण दिव्याचा झोपेशी संबंध आहे हे निश्चित. डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी अशा आहेत ज्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि मेंदूला दिवस आहे असे कळवतात, त्यामुळे झोपेशी निगडित असलेले मेलाटोनिन उशिरा स्रवते. म्हणजे निळी भिंत आणि रात्री दहापर्यंत पेटलेली ६५०० केची ट्यूब ही जोडी त्या हेतूच्या उलट जाते.

आता खिडकी. उत्तरेचा उजेड आभाळाचा असतो, उन्हाचा नसतो, म्हणून तो दिवसभर स्थिर आणि थोडा निळसर राहतो. तुमच्या आकाशी भिंतीला दिवसा बर्फाची कळा आली ती यामुळेच. पुण्यात मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, तरी त्यातला बराच काळ ढगांत जातो आणि त्या दिवसांत उजेड करडाच असतो. परंतु तुमच्या बाबतीत समोरची पिवळी भिंत मला महत्त्वाची वाटते. तुमची खिडकी उत्तरेकडे म्हणजे त्या इमारतीची तुम्हाला दिसणारी बाजू दक्षिणेकडे तोंड करून उभी आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकला की तिच्यावर दिवसातले बरेच तास ऊन पडेल आणि ते पिवळे होऊन तुमच्या खोलीत येईल. म्हणजे आज ऑगस्टमध्ये जी खोली गार दिसते, तीच डिसेंबरात दुपारी पिवळसर उजेडाने भरेल, आणि निळ्यावर पिवळा पडला की रंग हिरव्याकडे सरकतो. या दोन्ही ऋतूंत टिकणारी छटा हवी असेल तर हिरवट निळे, म्हणजे फिरोजी, समुद्री, मोरपंखीची फिकी रूपे, या खोलीपुरते बाजूला ठेवावेत आणि ज्यात अगदी थोडी तांबूस किंवा जांभळी झाक आहे असे निळे पाहावेत.

सागवानाचा तुम्हाला फायदाच होईल. सागाचा तपकिरी रंग नारिंगीच्या कुळातला आहे, आणि नारिंगी व निळा शेजारी आले की दोन्ही अधिक उठून दिसतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३९ मध्ये रंगांच्या या परस्परपरिणामावर सविस्तर ग्रंथ लिहिला. ते पॅरिसच्या एका गालिचांच्या कारखान्यात रंगाईची देखरेख करत होते, आणि धाग्याचा रंग फिका पडल्याची तक्रार प्रत्यक्षात शेजारच्या धाग्यामुळे आहे असे त्यांच्या ध्यानात आले. तुमच्या पलंगामागची निळी भिंत पलंग आल्यावर आजच्यापेक्षा जास्त निळी दिसेल, हे धरूनच फिकी छटा घ्यावी. नमुन्याच्या फळ्याशेजारी सागाचा एखादा पाट किंवा खुर्ची ठेवून पाहिल्यास अंदाज येईल.

माडी, सावंतवाडी
२० ऑगस्ट

हे सर्व वाचताना वाटले, की आईंना हवा असलेला निळा कार्डावर शोधण्याआधी तो कशाचा बनलेला होता हे पाहायला हवे. आमच्या जुन्या घरात मी लहान असेपर्यंत चुना आणि नीळच वापरत, त्यामुळे तो रंग माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

कपड्यांना घालायची जी पुडीतली नीळ होती ती वनस्पतीपासून काढलेली नीळ नव्हे. ती अल्ट्रामरीन नावाची भुकटी. पूर्वी हा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून निघणारा लाजवर्द दगड दळून मिळवत, त्यामुळे युरोपात तो फार महाग असे. फ्रान्समधील एका संस्थेने १८२४ मध्ये तो कृत्रिमरीत्या करणाऱ्याला सहा हजार फ्रँकचे बक्षीस जाहीर केले, आणि १८२८ मध्ये ते गिमे या रसायनतज्ज्ञाला मिळाले. त्यानंतर हा निळा इतका स्वस्त झाला की कपडे धुण्याच्या पाण्यात आणि भिंतीच्या चुन्यातही घालता येऊ लागला. चुना तीव्र अल्कधर्मी असतो. प्रशियन निळा त्यात टिकत नाही, तपकिरी पडतो, पण अल्ट्रामरीन टिकते. गावोगावच्या भिंतींवर हाच निळा दिसण्यामागे त्याची किंमत आणि हा गुण अशी दोन्ही कारणे आहेत.

अल्ट्रामरीन हा तांबूस झाकेचा निळा आहे, म्हणजे तो किंचित जांभळ्याकडे झुकतो. आज रंगाच्या दुकानातल्या मशीनमध्ये निळ्यासाठी सर्रास वापरले जाणारे थॅलोसायनिन निळे १९३० च्या दशकात बाजारात आले, आणि त्याची झाक हिरवी असते. माझा कयास असा, की निंबोणीताईंनी निवडलेला आकाशी रंग या दुसऱ्या निळ्यावर बेतलेला होता आणि आईंच्या मनात पहिला आहे. "हा निळा नव्हे" हे त्यांचे वाक्य म्हणूनच मला अगदी अचूक वाटते. दोन वेगळ्या पदार्थांमधला फरक त्यांनी बरोबर ओळखला.

छटा शोधण्यासाठी एक करून पाहा. कुंडीखाली ठेवतात तशा मातीच्या सपाट तबकड्या तीन आणा. कळीचा चुना पाण्यात भिजवून, गाळून, ताकाइतका पातळ करा. त्याचे तीन वाटे करून पहिल्यात चिमूटभर, दुसऱ्यात दोन चिमटी, तिसऱ्यात चार चिमटी नीळ कालवा आणि तबकड्यांना दोन दोन हात द्या. नीळ पुडीतलीच हवी. बाटलीतली पातळ नीळ बहुधा सेंद्रिय रंगाची असते, ती चुन्यात चालत नाही. ओला असताना हा रंग खूप गडद दिसेल, घाबरू नका. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सुकत जातो तसा पांढरा होतो, म्हणून दोन दिवस सावलीत ठेवल्यावरच खरी छटा दिसते. चुना भिजवताना आईंना मात्र तिथे बसू देऊ नका. तो उकळतो आणि उडतो, डोळ्याला फार घातक असतो, आणि त्यांचे ऑपरेशन अलीकडचेच आहे.

आई ज्या तबकडीवर बोट ठेवतील ती घेऊन दुकानात जा. मोठ्या दुकानांत रंग वाचण्याचे यंत्र असते, त्यावर ती छटा मोजून तिच्या जवळचा इमल्शनचा कोड काढून मिळतो. चुन्याच्या भिंतीला मुळीच चमक नसते, तेव्हा रंग मॅटच घ्यावा. तोच रंग चकचकीत प्रकारात घेतला तर कोड कितीही जुळला तरी आईंना तो ओळखू येणार नाही. सध्याच्या प्लॅस्टिक रंगावर थेट चुना देण्याचा विचार करू नये, तो धरत नाही आणि हात लावला की गळतो.

काजळ, कोल्हापूर
२० ऑगस्ट

मी डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीचे काम करते, म्हणून एका गोष्टीकडे लक्ष वेधते. आईंचा एक डोळा ऑपरेशन झालेला आहे आणि दुसरा नाही, याचा रंगाच्या निवडीशी थेट संबंध आहे.

वयानुसार डोळ्यातले नैसर्गिक भिंग हळूहळू पिवळे पडते आणि मोतीबिंदूत ते तपकिरीपर्यंत जाते. पिवळी काच निळा प्रकाश अडवते, त्यामुळे अशा डोळ्याला निळे रंग काळपट आणि मळके दिसतात, निळा आणि हिरवा यांतला फरकही नीट कळत नाही. हे इतके सावकाश होते की माणसाला पत्ता लागत नाही. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवले की निळा एकदम परत येतो. आमच्याकडे पट्टी काढल्यावर अनेक आजी-आजोबा पहिली गोष्ट ही सांगतात, की खिडकीचे पडदे एका डोळ्याने निळे दिसतात आणि दुसऱ्याने शेवाळी. चित्रकार मोने यांच्या उजव्या डोळ्याचे असे ऑपरेशन १९२३ मध्ये झाले होते, आणि नंतर त्यांना सगळेच फार निळे दिसते अशी तक्रार ते करत होते.

म्हणून आईंनी नमुने पाहताना डावा डोळा झाकून, उजव्या डोळ्याने पाहावेत. हिवाळ्यात डाव्याचेही ऑपरेशन होईल, तेव्हा दोन्ही डोळ्यांना जो रंग दिसणार आहे तो आज उजव्यालाच दिसतो. शिवाय माजघरातला निळा त्यांनी लहानपणी पाहिला तो स्वच्छ भिंगातून, तेव्हा त्या आठवणीच्या जवळही हाच डोळा आहे. काही कृत्रिम भिंगांना मुद्दाम हलकी पिवळी झाक दिलेली असते. तसे भिंग बसवले असले तरी मोतीबिंदूच्या डोळ्यापेक्षा निळा कितीतरी स्पष्ट दिसेल.

आणखी एक विनंती. वयस्कर माणसाला मंद उजेडात कडा दिसणे अवघड जाते. फिक्या निळ्या भिंतीवर पांढरा स्विचबोर्ड आणि पांढरी चौकट असेल तर रात्री उठल्यावर हात चाचपडत राहतो. रंगाच्या माहितीत एलआरव्ही नावाचा ० ते १०० मधला आकडा असतो, तो पृष्ठभाग किती प्रकाश परत पाठवतो हे सांगतो. ब्रिटनमधील अपंगस्नेही इमारतींच्या मानकांत भिंत आणि दार यांच्यात या आकड्याचा किमान ३० अंकांचा फरक ठेवायला सांगितले आहे. भिंत ६५ ची असेल तर पांढऱ्या बोर्डाशी तेवढा फरक होत नाही. बोर्डाची चौकट गडद निळी किंवा तपकिरी घ्या, दाराची चौकट सागवानी पॉलिशचीच राहू द्या, पांढरी रंगवू नका.

निंबोणी, पुणे
२९ सप्टेंबर

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण सर्व गोष्टी सांगितल्या त्या क्रमाने करायच्या होत्या.

प्रथम ट्यूब काढून ३००० केचे चार दिवे बसवले. त्या एका बदलाने ती फसलेली भिंतसुद्धा थोडी सुसह्य झाली, पण तिची हिरवी झाक उलट स्पष्ट दिसू लागली, म्हणजे ओसरीताईंनी लिहिले होते तसेच घडले. मग गच्चीवर चुना भिजवला आणि तीनऐवजी पाच तबकड्या केल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या गडदच होत्या आणि मला वाटत होते की प्रमाण चुकले. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर पाचही पांढुरक्या होऊन पाच निळे शांतपणे मांडलेले होते, कडेला मातीची तांबडी किनार.

आई गणपतीनंतर आली. संध्याकाळी साडेसातला, नवे दिवे लावून, पांढऱ्या चादरीसमोर तबकड्या उभ्या केल्या आणि काजळताईंनी सांगितल्याप्रमाणे तिला डावा डोळा झाकायला सांगितले. तिने दुसऱ्या तबकडीला हात लावला, बोटाला आलेली भुकटी चोळून पाहिली आणि म्हणाली, "हा आमच्या माजघरातला. हा चौथा देवघरातला, तिथे आप्पा मुद्दाम जास्त नीळ घालायचे." मग तिने उजवा डोळा झाकून पुन्हा पाहिले आणि बराच वेळ काही बोलली नाही. डाव्या डोळ्याला दुसरी आणि तिसरी तबकडी सारखीच दिसत होती. इतकी वर्षे ती जग असे पाहत होती, हे त्या क्षणापर्यंत आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आले नव्हते.

दुकानात यंत्राने दुसरी तबकडी वाचून जवळचे तीन कोड दिले. तिन्हींचे फळे करून आम्ही चार रात्री आणि चार सकाळी पाहिले. एक पहाटे जांभळा वाटत होता, एक दिव्याखाली नुसता राखाडी होत होता, उरलेला तिसरा, ६४ एलआरव्हीचा, दोन्ही वेळेला निळा राहिला आणि आईनेही तोच निवडला. मॅट प्रकारात सर्व डबे एकत्र काढून आणले आहेत. प्लॅस्टिकच्या चौकोनाची परीक्षा ऑगस्टमध्ये फसली होती, खिडकीखालच्या भागात थेंब जमले होते. बाहेरच्या बाजूची एक चीर भरून घेतली आणि गेल्या आठवड्यात तीच परीक्षा कोरडी निघाली. स्विचबोर्डांना तपकिरी चौकटी बसवल्या.

पेंटर सोमवारी येत आहेत. दोन शंका उरल्या आहेत. जुन्या आकाशी भिंतीवर नवा रंग थेट चालेल का, की तिथली झाक खालून दिसेल? आणि छताला कोणता पांढरा द्यावा?

गेरू, नाशिक
२९ सप्टेंबर

ताई, फार छान केलेत. त्या एका भिंतीला बारीक पॉलिश पेपर फिरवून धूळ पुसून घ्या आणि पांढऱ्या प्रायमरचा एक पूर्ण हात द्या, मगच नव्या रंगाचे दोन हात. बाकी तीन भिंतींच्या पुट्टीवर प्रायमर आधीच असेल तरी त्याच दिवशी तेथेही एक हात फिरवावा, म्हणजे चारही भिंती एका पायावर येतील आणि रंग सारखा शोषला जाईल. सोमवारी प्रायमर झाला की रंग मंगळवारी घ्या, त्याच संध्याकाळी उरकू देऊ नका.

छताला निळसर पांढरा नको, गारवा परत येईल. क्रीमही नको, निळ्याशेजारी तो जुनाट पिवळा दिसतो. साध्या पांढऱ्यात याच निळ्याचा एका बादलीला कपभर मिसळून छताला द्या, आणि भिंत व छत यांच्या कडेची चिकटपट्टी शेवटचा हात ओलसर असतानाच ओढून काढा, सुकल्यावर काढली तर पापुद्रा सोबत येतो. देवघरातला निळा, ती चौथी तबकडी, जपून ठेवा. खोलीत देव्हारा ठेवणार असाल तर त्याच्यामागच्या दोन फुटांना तो रंग द्यायला माझी हरकत नाही, पण आधी आईंना विचारा.